दाबलं का घड्याळ?

घड्याळ विकायला काय अक्कल लागते? गिऱ्हाईक नऊला येणार, सव्वानऊला चहा पिणार, साडेनऊला घड्याळ घेऊन चालू लागणार आणि दहाला मी अंघोळीला मोकळा! २००१ सालातल्या एका रविवारचा हा माझा कार्यक्रम. बायकोला मी तो पाठ म्हणून दाखवला. ती म्हणाली, "बघू की." कोल्हापुरात बायको 'बघू की' म्हणाली की शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. मी थांबलो नाही.

घड्याळ साधं नव्हतं हो. क्रोनोग्राफ! मनगटावरचं घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डबीत. चावीच्या वर एक बटण, खाली एक. वरचं दाबलं की सेकंदाचा लांब काटा पळत सुटणार, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबणार, खालचं दाबलं की मुकाट्यानं परत बाराच्या आकड्यावर! आमच्या पाटबंधारे खात्यात इतकं आज्ञाधारक कुणीच नाही, मला धरून!

जुन्या बाजारात मला ते सापडलं तेव्हा काच फुटलेली, काटे गंजलेले आणि आत मुंग्यांचा संसार. पण मोडकी घड्याळं बघितली की माझा जीव तुटतो. पुढचे आठ महिने मी स्वयंपाकघरातलं टेबल बळकावलं. रूपालीचा, म्हणजे बायकोचा, भुवया कोरायचा चिमटा गेला, नेलपॉलिशचा ब्रश गेला. एकदा तांदूळ निवडताना तिला खड्याऐवजी स्क्रू सापडला. मी आनंदानं ओरडलो, "अगं, हाच! चार दिवस शोधतोय!" त्याच दिवशी तिनं निकाल दिला, "अहो, ह्या घरात एक तर घड्याळ राहील, न्हाय तर मी."

घड्याळ चालू झालं त्याच आठवड्यात मी पेपरात जाहिरात दिली.

रविवारी बरोबर नऊच्या ठोक्याला दारात एक गृहस्थ उभे. चौसष्टीचे, काठीसारखे ताठ, आणि गळ्यात शिट्टी!

"गणपतराव. गारगोटीसनं आलोय, पहिल्या यष्टीनं. चौतीस वर्सं शाळंत पी.टी. शिकवली."

"शिट्टी कशाला हो, सर?" रूपालीनं विचारलं.

"सवय, ताई. काढली की मान हलकी हलकी वाटतीया."

त्यांनी घड्याळ तळहातावर घेतलं. तान्हं मूल घ्यावं तसं! कानाला लावलं, बटण दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं. मी मनात म्हटलं, झालं, सौदा जमला. अजून सव्वानऊसुद्धा वाजलेले नाहीत!

"चालतंय झ्याक," सर म्हणाले. "पण पळवल्याबगार स्टॉपवॉच कळत न्हाय. चला, शंभर मीटर."

"कोण?"

"तुमी की! मी दाबणार. उठा!"

चौतीस वर्षं पोरांना उठवलेला आवाज तो. मी उठलो कधी आणि बनियनवर गल्लीत उभा राहिलो कधी, मलाच कळलं नाही. सरांनी लांब ढांगा टाकत अंतर मोजलं आणि विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. शिट्टी वाजली. मी सुटलो!

सुटलो म्हणजे, ऑफिसात बसून बसून जेवढं सुटता येतं तेवढं. चप्पल पहिल्या दहा मीटरला गेली. अर्ध्यात आल्यावर बघतो तर सर घड्याळाकडं बघतच नाहीत! ते माझ्याकडं बघतायत, नापास पोराकडं बघावं तसे. मला शंका आली, ह्यांनी बटण दाबलंय की नाही? म्हणजे मी फुकट पळतोय? मी पळता पळता बोंब ठोकली, "घड्याळ दाबलं का? ओ! दाबलं का घड्याळ?"

आता धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडातून सगळे शब्द बाहेर पडत नाहीत. गल्लीला ऐकू आलं ते एवढंच: "घड्याळ दाबलं! घड्याळ!"

आमचा शेजारी कृष्णात त्या वेळी दारात म्हैस धूत होता. दहा वर्षं तालमीत घालवलेला गडी. त्यानं मान वर केली. अनवाणी पळत येणारा शेजारी बघितला. पुढं खांबापाशी अनोळखी म्हातारा, त्याच्या हातात चकाकणारं घड्याळ! कृष्णातनं बादली टाकली.

"दादा, तुमी दम खावा! मी हाय!"

आणि त्यानं मागून जाऊन सरांना कवेत घेऊन अलगद वर उचललं!

"कृष्णात, सोड!" मी ओरडलो.

"सोडतोय व्हय! चोर घड्याळ दाबून जातोय म्हंजी काय?"

पण सर काय पक्के! पाय हवेत, बरगड्या कृष्णातच्या मिठीत, तरी घड्याळाचा हात त्यांनी उंच धरलेला. मी खांब ओलांडला आणि त्यांनी हवेतल्या हवेत बटण दाबलं!

"सव्वीस सेकंद!" ते वरूनच गरजले. "लाज वाटाय पायजे! आणि पावणं, तुमी मला खाली ठेवा बघू."

खरा प्रकार कळल्यावर कृष्णातचं तोंड एवढंसं झालं. त्यानं सरांचे पाय धरले, बरगड्या चाचपल्या, घरातून तांब्याभर दूध आणलं. सर हसत होते. सगळे आमच्या ओट्यावर बसलो. तेवढ्यात रूपालीनं सहज विचारलं, "सर, तुमचा टाइम किती होता हो, तरुणपणी?"

सरांचा तांब्या ओठाशीच थांबला.

"माझा? माझा कुनी घेतलाच न्हाय, ताई." ते म्हणाले, "शाळंत हुतो तवा गावात स्टॉपवॉच न्हवतं. नोकरीला लागलो आणि ते हातात आलं, पण मग मी दाबणारा झालो. पळणारी पोरं. रिटायर झालो तवा घड्याळबी शाळंत जमा केलं. वाटलं, मरायच्या आत एकदा कळावं."

कृष्णात उठला. "म्हस आत बांधतो," म्हणाला. त्यानं गल्लीतल्या सायकली उचलल्या, पोरांना कडेला केलं. रूपालीनं साडीचा पदर खोचला. "शिट्टी मी वाजवते. अहो, तुम्ही खांबापाशी."

सरांनी पायातले बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. पँट घोट्याच्या वर दुमडली. गळ्यातली शिट्टी काढून रूपालीच्या हातात दिली आणि मान दोनदा हलवून बघितली. मी अंगठा बटणावर ठेवून उभा.

शिट्टी वाजली.

काय सांगू तुम्हाला! तो माणूस पळाला! गुडघे उचलून, छाती पुढं काढून, हनुवटी वर. पांढरे केस मागं गेले. चौसष्ट वर्षं कुठंतरी मागं पडली आणि एक सडपातळ पोरगा माझ्याकडं पळत आला. गल्ली ओरडत होती, कृष्णात शेजारून पळत होता, "मारा, सर, मारा!" मी ओरडत होतो, उड्या मारत होतो! सरांनी खांब ओलांडला, वाकले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान वर करून विचारलं, "किती?"

मी घड्याळाकडं बघितलं.

काटा बारावर. मी बटण दाबलंच नव्हतं!

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघत होती. सर बघत होते. आणि मी, आयुष्यात ऑफिसात एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस, बोललो, "एकोणीस!"

गल्लीत दिवाळी झाली! कृष्णातनं सरांना पुन्हा उचललं, ह्या वेळी मानानं. खाली उतरल्यावर सरांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. काटा बघितला. माझ्याकडं बघितलं. त्यांनी घड्याळावर हळूच तळहात झाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "एकोणीस! बराबर हाय!"

घरात आल्यावर मी मान खाली घातली. "सर, चुकलं. बघत राहिलो."

"माझ्याकडनंबी एकदा झालतं," सर बुटाची नाडी बांधत म्हणाले. "राधानगरीकडची पोरगी. बाळाबाई. अनवाणी पळाली तालुक्याच्या शर्यतीत. अशी पळाली की माझा अंगठा बटणावरच राहिला."

"मग?"

"मग काय? मनानं लिवला टाइम. वाईच कमीच लिवला." ते हसले. "एवढी पळाली हुती की."

त्यांनी घासाघीस न करता घड्याळ घेतलं, मनगटावर बांधलं आणि गारगोटीची एसटी धरली. जाताना म्हणाले, "फुडच्या रविवारी येतो. खरा टाइम घ्यायचा हाय. पण बटण ताई दाबतील!"

आले की! नऊच्या ठोक्याला! रूपालीनं बटण दाबलं. सुटताना दाबलं, पोचल्यावर दाबलं, अगदी अचूक. तेवीस सेकंद आणि वर थोडं. सर बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन, रूपालीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "प्रसेनजीतराव, तुमीच दाबत जावा."