गाडीमागची दोन माणसं

बद्रीनाथने टँकर मागे घेताना साखराबाईची न्हाणी दुसऱ्यांदा पाडली, तेव्हा ती आत नव्हती हे तिचं नशीब, असं गाव म्हणालं. साखराबाईचं म्हणणं असं होतं, की ते नशीब बद्रीनाथचं.

बद्रीनाथ गावच्या ज्या सहकारी संस्थेचा ड्रायव्हर होता, ती वास्तविक दुधाची. पण दुष्काळात गावात म्हशींपेक्षा सभासद जास्त उरले, तेव्हा चेअरमन अर्जुनरावांनी संस्थेच्या ट्रॅक्टरला टँकर जोडून संस्थाच पाण्याच्या कामाला लावली. तेलगावच्या बाजूच्या एका बोअरवरून पाणी आणायचं आणि गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचं. विहीर नेमकी बोळाच्या टोकाला. तिथे वळायला जागा नाही, म्हणून टँकर बोळभर उलटा न्यावा लागे. त्यात ट्रॅक्टरचं तोंड इकडे वळवलं की मागचा टँकर तिकडे वळतो. कितीही जुना ड्रायव्हर असला तरी घाम फुटावा असं काम.

न्हाणी पुन्हा उभी राहिली, त्या संध्याकाळी संस्थेची सभा बसली. अर्जुनरावांनी ठराव मांडला, की संस्थेची कुठलीही गाडी मागे घेताना मागे माणूस उभा राहील, आणि तरीही धक्का बसला तर गाडी चालवणाऱ्याला कामावरून कमी करण्यात येईल. मागे उभं राहायला त्यांनी आपल्या गटाचा शहादेव नेमला. विरोधी गटाने लगेच हरकत घेतली. मागे एकाच गटाचा माणूस म्हणजे हुकूमशाही झाली, आमचा निवृत्तीही उभा राहील. सहकारात सगळ्यांना सामावून घ्यायचं असतं, असं म्हणत अर्जुनरावांनी तेही मान्य केलं.

बद्रीनाथ दारात उभा राहून ऐकत होता. ही नोकरी लागली म्हणून त्याचा आणि बायकोचा कोयता सुटला होता. ती गेली तर पोरंबाळं घेऊन पुन्हा ऊसतोडीला जाणं आलं. आणि शहादेव-निवृत्तीचं सूर्य कुठून उगवतो यावरसुद्धा कधी एकमत झालेलं नव्हतं.

सकाळी बोळात तेच झालं.

"येऊ दे, येऊ दे. डावीकडं दाब," शहादेव म्हणाला.

"थांब. उजवीकडं घे," निवृत्ती म्हणाला.

बद्रीनाथने ब्रेक दाबून मान बाहेर काढली. "कुणाचं ऐकू बे मी?"

"आमचं ऐक. बहुमत आमचं हाय," शहादेव म्हणाला.

"भिताडाला काय बहुमत कळतं?" निवृत्ती म्हणाला.

हे त्याचं म्हणणं खरं होतं, पण त्याची उजवी बाजूही थेट गटारात जात होती. शेवटी बद्रीनाथने दोघांचाही नाद सोडला. थोडं मागे घ्यायचं, गाडी बंद करायची, चाकाला दगड लावायचा, स्वतः मागे जाऊन बघायचं आणि पुन्हा वर चढायचं. घागरी घेऊन ताटकळलेल्या बाया त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. साखराबाई तर नव्या न्हाणीसमोर ठाण मांडूनच बसली होती. पण टँकर विहिरीला लागला आणि न्हाणीचा एक खडासुद्धा हलला नाही. जीव भांड्यात पडलेला बद्रीनाथ रिकामा टँकर घेऊन चौकात आला, संस्थेच्या समोर लिंबाखाली ट्रॅक्टर बंद करून चहाला बसला.

तेवढ्यात अर्जुनराव, म्हणजे गावाचे अण्णा, कचेरीतून बाहेर आले. त्यांना बीडला मीटिंगला जायचं होतं. संस्थेची जीप ओट्याला तोंड लावून उभी, म्हणजे ती मागे घेणं भाग होतं. चौकात माणसं बघून अण्णांना हुरूप आला. ठराव सगळ्यांना सारखा, असं मोठ्याने सांगून त्यांनी शहादेव आणि निवृत्ती दोघांनाही जीपमागे उभं केलं आणि ते स्वतः स्टिअरिंगवर बसले.

जीप मागे येऊ लागली. लिंबाखालचा टँकर दोघांनाही स्वच्छ दिसत होता.

"येऊ द्या अण्णा," शहादेव म्हणाला.

"येऊ द्या, येऊ द्या," निवृत्ती म्हणाला.

बद्रीनाथ चहा सांडत उठेपर्यंत जीप टँकरवर आदळली होती. टँकरला हा मोठा पोचा पडला. आपला जाग्यावर उभा टँकरसुद्धा नडला, असं म्हणत तो पोचा चाचपू लागला.

अर्जुनराव उतरले. त्यांनी पोचा पाहिला, मग त्या दोघांकडे पाहिलं. "थांबा म्हणता येत न्हाई का तुमाला?"

"अण्णा, तुमाला थांबा कसं म्हणावं?" शहादेव खाली बघत म्हणाला.

"आन् तू रे? तू तर रोज म्हणतू."

"त्येच म्हणलं," निवृत्ती शांतपणे म्हणाला, "कायम इरोध करणं बरं न्हाई."

चौकात कुणी हसलं नाही, पण हसू आवरणं सगळ्यांनाच जड जात होतं. आवाज ऐकून चौकात आलेल्या साखराबाईने मात्र आडपडदा ठेवला नाही. गाडी कोण चालवत होतं ते साऱ्या गावाने बघितलंय, आता कमी कुणाला करायचं ते सांगा, असं तिने सरळ विचारलं.

अर्जुनरावांनी घाम पुसला आणि जीपची चावी बद्रीनाथपुढे धरली. "मीटिंगला उशीर व्हायलाय. तेवढी जीप काढून दे."

बद्रीनाथने चावीला हात लावला नाही. "आदी त्यो ठराव रद्द करा अण्णा."

सभा तिथेच, उभ्या उभ्या झाली. ठराव रद्द करण्याची सूचना शहादेवने मांडली, निवृत्तीने अनुमोदन दिलं. संस्थेच्या इतिहासात एकमताने पार पडलेलं हे पहिलंच काम.

बद्रीनाथने ट्रॅक्टर पुढे नेऊन उभा केला. मग जीपच्या मागे जाऊन एकदा नीट बघितलं आणि स्टिअरिंगवर बसला. आरशात बघतो तर अर्जुनराव जीपच्या बरोब्बर मागे उभे, हात वर करून, "येऊ दे, येऊ दे," म्हणत.

बद्रीनाथने मान बाहेर काढली.

"अण्णा, बाजूला व्हा. तवर मी गाडी हलवीत न्हाई."

चेअरमन झाल्यापासून अर्जुनरावांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी हात खाली घेतले आणि ते ओट्यावर जाऊन बसले.