सासऱ्यांची सिगरेट आणि गॅसचा फुगा

गोठा बायकोचा. मी टपाल ऑफिसात कारकून, आणि घरी शेण उचलायला. (बढतीची आशा दोन्हीकडे सारखीच.) उकिरड्यावरच्या माश्यांवरून शेजारी भांडायला लागले, तेव्हा गोबरगॅसची टूम मीच काढली. परसात रबराचा भला मोठा फुगा आणून बसवला. एका तोंडातून शेण-पाणी आत, दुसऱ्यातून खताची रबडी बाहेर, आणि वर जमलेला गॅस नळीनं थेट शेगडीला. माश्या गेल्या, वास गेला, सिलिंडरसाठीचे हेलपाटे थांबले. बायको चक्क माझ्याकडे बघून हसली.

तिथंच माझी मती फिरली.

"रोज थोडं थोडंच घाला, त्यालाही पोट असतं," असं फुगा बसवणाऱ्या फिटरनं बजावलं होतं. पण बाजारात सडके बटाटे फुकट मिळाले. नुसत्या शेणावर एवढा गॅस, तर बटाट्यांवर किती! पोतीच्या पोती आत ढकलली.

रविवारी दुपारी परसात गेलो. फुगा गाभण म्हशीसारखा तट्ट झाला होता. शिवणीतून सूं सूं आवाज, कुजक्या अंड्यांचा वास. फिटरला फोन लावला.

"बाहेरचं तोंड तुंबलंय," तो ओरडला. "आधी शेगडी बंद करा, मग बांबूनं तोंड मोकळं करा. आणि आसपास काडीसुद्धा ओढू नका!"

"अगं, शेगडी बंद कर!"

"दूध तापतंय, थांबा जरा!"

"आपण तापू! बंद कर!"

बांबू उचलला, तोच फुग्यापलीकडून खोकला ऐकू आला. मुक्कामाला आलेले सासरे! फुग्याला पाठ टेकून बसलेले (त्या उबेनं कंबर मोकळी होते म्हणे), ओठांत सिगरेट, हातात काडेपेटी. कानाचं मशीन घरात.

"बाबा, काडी नको!"

"गाडी? कोणाची आली?"

"गाडी नाही, काडी! गॅस झालाय, गॅस!"

"होणारच. बटाटे वातूळच."

त्यांनी काडी काढली. फुग्याला वळसा घालून मी धावलो. काडी पेटीला टेकली. पायाशी बादली होती. आत काय आहे हे बघायला वेळ कुणाला? उचलली आणि त्यांच्यावर पालथी केली.

काडी भिजली. सासरे नखशिखांत रबडीत.

"जावईबापू," डोळे पुसत ते म्हणाले, "मी जावं असं वाटत होतं, तर तोंडानं सांगायचं."

बायकोनं धावत येऊन त्यांना आत ओढलं. इकडे शिवणीचा एकेक टाका ताणत चाललेला. मी फुग्याच्या तुंबलेल्या तोंडात बांबू खुपसला. काहीच नाही. पुन्हा खुपसला. तरी नाही. मग वाकून आत डोकावलो. (शहाणा माणूस डोकावला नसता.)

भस्सकन फवारा सुटला. थोडा माझ्या थोबाडावर, बाकीचा कुंपणापलीकडे शेजारणीच्या टोमॅटोंवर. फुगा सुस्कारा टाकत खाली बसला. मीही बसलो, शेणातच.

शेजारीण आता घर डोक्यावर घेणार, म्हणून पुढे कित्येक दिवस मी तिची चाहूल लागली की मागच्या दारानं सटकायचो. एके सकाळी मात्र तिनं गाठलंच, तेही टोपलीभर लालबुंद टोमॅटो घेऊन.

"असे टोमॅटो जन्मात लागले नव्हते! काय जादू आहे हो तुमच्या खतात!"

बायकोनं टोपली घेतली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"खत खरंच चांगलं आहे," ती म्हणाली. "ह्यांच्या डोक्यावर पडलं, तेवढंच वाया गेलं."