नागोयाच्या आजी आणि शोभनाच्या टिकल्या

चेहरा कुणाचा अन् परवानगी कुणाची, हे ठरवणाऱ्या वरच्या साहेबांनो, तुम्ही भित्रे आहात. नियम तुम्ही काढता आणि निस्तरायला जर्मनीत बॉबलिंगेनला राहणाऱ्या नागेशला पुढं ढकलता!

काय चुकलं हो त्याचं? २००६ साली कंपनीनं त्याला गिअरबॉक्सच्या कामाला जपानात, नागोयाला धाडलं. कामावरून सुटला की गडी कॅमेरा घेऊन रस्त्यावर. एका हातात छत्री धरून सायकल हाणणारी आजी, दुकानापुढं पाणी शिंपडणारा मासेवाला, सिग्नलला उभ्याउभ्या डुलकी काढणारा कारकून. परत आल्यावर फोटो बघून त्याचे साहेब फोग्ट खूश झाले. "कँटीनमध्ये प्रदर्शन लावू. मोठे साहेब येतील, तुमच्या काँट्रॅक्टचंही तेव्हाच बघू." काँट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. ते गेलं की व्हिसा गेला, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन परत पुणं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फ्राउ बाउमन आल्या. कुणाची खासगी गोष्ट उघड्यावर येऊ नये म्हणून कंपनीनं बसवलेली राखणदार बाई. "या आजींची लेखी परवानगी?"

"सिग्नल हिरवा झाला आणि त्या गेल्या हो!"

"मग सगळ्यांचे डोळे झाका. नाहीतर प्रदर्शन रद्द."

नागेश घामाघूम होऊन घरी आला. "शोभना, संपलं सगळं."

"अरे, डोळेच झाकायचे ना?" शोभनानं कपाटातून काळ्या टिकल्यांची पाकिटं काढली. "तुळशीबागेतल्या आहेत. आंघोळीतसुद्धा निघत नाहीत."

"अगं, आजींना टिकल्या?"

"लाव गप. आणि मासेवाल्याला मोठ्या लाव, डोळे बटबटीत आहेत मेल्याचे."

आंघोळीत निघत नसतील, पण कँटीनच्या दिव्यांखाली निघाल्या. आजींचा एक डोळा उघडला. नागेशनं धावत जाऊन अंगठ्यानं दाबला, तोवर मासेवाला बघायला लागला. पडलेली टिकली उचल, चिकटव, त्याच हातानं कपाळ पूस, परत पळ. कोपऱ्यात फ्राउ बाउमन टक लावून बघतायत आणि मोठे साहेब आजींपुढं ठाण मांडून बसल्यासारखे उभे!

"वुंडरबार!" मोठे साहेब गरजले. "गर्दीतला प्रत्येक माणूस आंधळा! काय कल्पना आहे!"

टाळ्या पडल्या. कुठंतरी फ्लॅश उडाला. फोग्ट कानाशी लागले, "सोमवारी सहीला या."

सोमवारी टेबलावर काँट्रॅक्ट होतं, आणि शेजारी कंपनीच्या मासिकाचा ताजा अंक. मुखपृष्ठावर पानभर नागेश. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले आणि कपाळाच्या बरोब्बर मधोमध एक काळी टिकली. खाली छापलं होतं, 'आमचे भारतीय सहकारी, पारंपरिक वेशात.'

अंक खुद्द फ्राउ बाउमन घेऊन आल्या होत्या. "छान आलाय ना?"

"करा सही," फोग्टनी पेन पुढं केलं.

नागेशनं पेन घेतलं. व्हिसा, घर, शोभना, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. मग त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि अंक बाईंपुढं सरकवला.

"करतो की सही. पण आधी सांगा, बाई, या चेहऱ्याची परवानगी कुणाला विचारलीत? नागोयाच्या आजींचे डोळे मी झाकले. माझे कुणी झाकायचे? आल्झो, तर मग बोला!"