कुंपण असतं, तर

"आमची डचेस ठेवून घ्याल का हो, मिस्टर ऑग्डन?"

दगडी भिंतीपलीकडून मिसेस पिकल्सनी विचारलं, तेव्हा विल्फ्रेड ऑग्डन घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होता. डचेस म्हणजे या विधवा शेजारणीची बकरी. ती भिंतीवर पुढचे पाय टेकून विल्फ्रेडच्या घेवड्याकडे आधीच घरच्यासारखी बघत होती.

"मी चालले स्कारबरोला, बहिणीकडे. कायमची. तिच्या इमारतीत बकरी चालत नाही."

मिसेस पिकल्स गेल्या, तर रोज सकाळी भिंतीपलीकडून हवेला नावं ठेवायला कोण उरणार? त्यांनी जाऊ नये असं विल्फ्रेडला फार फार वाटलं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"ठेवली असती हो. आनंदानं ठेवली असती. पण ही भिंत बघा, गुडघ्याएवढी. कुंपण असतं, तर प्रश्नच नव्हता."

यॉर्कशरातल्या त्या खेड्यात कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नसे. ते उद्धटपणाचं. तिथली रीत अशी, की 'तर'च्या अलीकडे एक न होणारी गोष्ट ठेवून द्यायची, म्हणजे पलीकडे वाटेल ते कबूल करता येतं. ऐकणाराही समजून घेतो आणि चहाला पाणी ठेवतो. विल्फ्रेड तर या कलेत मुरलेला. चर्चच्या गायनमंडळाला तो 'आवाज असता तर' म्हणून चुकवत आला होता आणि समोर येणाऱ्या प्रत्येक लग्नाच्या गोष्टीला 'नोकरी फिरतीची नसती तर' म्हणून. होता पोस्टमन, आणि फिरायचा त्याच तीन गल्ल्या. जन्मभर लोकांचे निरोप दारोदार पोचवले बिचाऱ्यानं, स्वतःचं एक वाक्य मात्र कधी धड पोचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅन्ली सुतार खांब आणि जाळी घेऊन हजर.

"मिसेस पिकल्सनी धाडलंय. फक्त कुंपणापायी अडलंय म्हणे तुमचं."

"अहो, ते मी आपलं बोलण्यात..."

"राहू द्या हो, उपकार कसले. जुनं सामान पडूनच होतं," असं म्हणत स्टॅन्लीनं पहिला खांब घेवड्याच्या मधोमध ठोकला.

संध्याकाळी मिसेस पिकल्स कुंपण हलवून बघायला आल्या. "झकास झालंय. मग आणू तिला?"

"आणली असती," विल्फ्रेड घाईघाईनं म्हणाला, "पण पावसात तिनं उभं कुठं राहायचं? छप्पर असतं, तर..."

मग चर्चमागची जुनी लाकडी खोपटी, पाद्रीबाबांसकट, त्याच्या अंगणात येऊन पोचली. "गायनमंडळ राहिलं ते राहिलं," पाद्रीबाबा घाम पुसत म्हणाले, "निदान एवढं तरी तुमच्याच्यानं होतंय, बरं वाटलं."

विल्फ्रेडनं शेवटचा पत्ता टाकला. "मला दूध काढता आलं असतं, तर बघा..."

"एवढंच ना? शिकवते." मिसेस पिकल्सनी बाह्या सावरल्या आणि स्टूल मांडलं.

पहिल्या सकाळी डचेसनं बादली लाथाडली. दुसऱ्या सकाळी त्याची टोपी खाल्ली. "अहो, ओढताय काय, चर्चची घंटा आहे का ती? अंगठा असा धरा. आणि आता दाबा." मिसेस पिकल्सनी त्याचा अंगठा धरून दाखवला, आणि विल्फ्रेडला ते तिथल्या तिथं समजलं. समजल्याबरोबर तो घाबरला. शिकून झालं, की अट पुरी. अट पुरी झाली, की बाई निघाल्या स्कारबरोला. तेव्हापासून तो मन लावून चुकू लागला.

"इतका मठ्ठ माणूस नाही बघितला," असं मिसेस पिकल्स रोज म्हणत आणि रोज येत. पुढं पुढं चहाही त्याच्याच स्वयंपाकघरात होऊ लागला, त्यांच्या आल्याच्या केकसोबत.

एका सकाळी त्या स्कारबरोचाच विचार करता करता विल्फ्रेडचं भान सुटलं आणि बादली काठोकाठ भरली.

"जमलं की," मिसेस पिकल्स हळूच म्हणाल्या. "मग रविवारी निघते मी."

विल्फ्रेडनं आजूबाजूला पाहिलं. कुंपण होतं, छप्पर होतं, दूधही निघालं होतं. अडवायला एकही 'जर' शिल्लक नव्हता. होता नव्हता तेवढा धीर गोळा करून तो म्हणाला, "मी वीस वर्षांनी लहान असतो ना, तर तुम्हाला लग्नाचं विचारलं असतं."

मिसेस पिकल्सनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. "तुम्ही वीस वर्षांनी लहान असता," त्या म्हणाल्या, "तर मी नाही म्हटलं असतं."

"बरोबर आहे," विल्फ्रेड पडेल आवाजात म्हणाला. त्याला त्यातलं नेमकं 'नाही' तेवढं ऐकू आलं. मिसेस पिकल्स एक सुस्कारा टाकून घरी गेल्या.

तो बकरीपाशी बसून राहिला. "नाही म्हणाल्या गं," त्यानं डचेसला सांगितलं. "लहान असतो तर नाही म्हटलं असतं म्हणे. आता मी काय लहान आहे? नाही. मग त्या नाही म्हणाल्या का? तर नाही..."

तो ताडकन उठला. स्टूल एकीकडे, बादली दुसरीकडे. भिंत नुसती गुडघ्याएवढी होती तेव्हा एका ढांगेत पलीकडे गेला असता. आता स्टॅन्लीच्या कुंपणाला सबंध वळसा घालावा लागला. मिसेस पिकल्सच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि त्यामुळेच बहुतेक वाक्य आखूड आलं.

"एडना, जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

"करते," एडना म्हणाल्या. "केवढा वेळ लावलात अहो."

चहा झाला, पुन्हा एकदा झाला. मग विल्फ्रेडला एकदम आठवलं. "तुमच्या बहिणीला कळवायला हवं. वाट बघत असेल बिचारी."

एडनांनी त्याच्या बशीत केकचा तुकडा वाढला.

"कळवलं असतं," त्या म्हणाल्या, "येते म्हणून तिला कधी सांगितलं असतं, तर."