टेंभेकरांचं शहामृगी पाकीट

चंदीगडच्या भर जूनमध्ये, डांबर चपलेला चिकटत असताना, टेंभेकर काका कोट घालून भाजीला जात. भाजीवाला विचारी, "साब, शादी में जा रहे हो?" काका गंभीरपणे सांगत, "नहीं, भिंडी लेने."

कोट काकांसाठी नव्हताच, पाकिटासाठी होता. पाकीट वीतभर लांब, शहामृगाच्या कातड्याचं. पँटच्या मागच्या खिशात ठेवलं तर अर्धं बाहेर राही आणि काका खाली बसले की उडी मारी. कोटाला आतून खोल खिसा होता.

तुम्ही दोघं त्या वेळी जन्मलाही नव्हतात, म्हणून नीट सांगते. टेंभेकर मूळचे नागपूरचे. तुमच्या आजोबांबरोबर विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. तेव्हा परदेशी माल नुकताच दुकानांतून दिसायला लागला होता. सतरा सेक्टरमधल्या अरोरांच्या चामड्याच्या दुकानात टेंभेकरांनी एक लांब पाकीट पाहिलं आणि ठरवलं, की आयुष्यात एक वस्तू तरी निवडून घ्यायची.

ती निवड दोन वर्षं चालली.

दर शनिवारी पाच वाजता ते खिशात भिंग घालून निघत. एकदा मला दुपट्टा रंगवायला द्यायचा होता, म्हणून मीही बरोबर गेले. अरोरांनी सहा पाकिटं मांडली. टेंभेकरांनी पहिल्यालाच भिंग लावलं.

"वहिनी, या, पाहा. शहामृगाचं पीस जिथून उगवतं तिथं उंचवटा असतो. कुठं दाट, कुठं विरळ. आणि हे? सगळे दाणे एका मापाचे. एका बाकावरच्या पोरांनी कॉपी केल्यासारखे! ही गाय आहे. वरून ठसा मारलाय."

"प्रोफेसर साब," अरोरा म्हणाले, "पर्स लेनी है के पोस्टमार्टम करना है?"

"पहले पोस्टमार्टम, अरोरा जी. बाद में पर्स."

मग खऱ्या शहामृगातही पाठीचं की पोटाचं, तपकिरी की काळं, यावर तासभर चर्चा झाली. पाकीट कोटात घालून टेंभेकरांनी दुकानात फेरी मारली, वाकून बुटाची नाडी बांधून पाहिली. शेवटी पाकीट परत काउंटरवर ठेवलं. कोणीही विचारलं, "घेतलंत का?" तर एकच उत्तर, "पाहून राहिलो."

आजोबा हसायचे. मला मात्र, तुम्हाला ठाऊक आहे, एखादं काम यादीत दोन वर्षं पडलेलं बघवत नाही. टेंभेकर निवृत्त व्हायला आले तेव्हा निरोपाची भेट काय द्यायची यावर विभागात चार मतं पडली. मी आजोबांना म्हटलं, "त्यात विचार कसला? मी आणते." आणि एका मंगळवारी जाऊन पंधरा मिनिटांत तपकिरी पाकीट निवडलं.

अरोरांनी ते बांधायला घेतलं आणि थांबले. "बीबीजी, रहने दो ना जी. बेल्ट ले जाओ. बहुत बढ़िया बेल्ट आया है."

दुकानदार महाग वस्तू विकायला नको म्हणतोय, तेव्हाच मी विचार करायला हवा होता. मला वाटलं, जास्त नफा बेल्टमध्ये असेल. "पॅक कर दीजिए," मी म्हटलं.

समारंभात टेंभेकरांनी व्यासपीठावरच भिंग काढलं. सगळे हसले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "खरं आहे." मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही फार त्रास घेतला, वहिनी." मी खूष झाले. यादीतलं एक काम कमी झालं होतं.

त्यानंतर ते पाकीट त्यांनी एक दिवस सोडलं नाही. बहुतेक शनिवारी पाचला जिना उतरायचे, फाटकापर्यंत जायचे, तिथं जरा उभे राहायचे आणि परत वर यायचे. मला वाटलं, निवृत्तीनंतर पाय मोकळे करतात.

दोन-तीन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी ते दारात आले. चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला.

"वहिनी, शिवण उसवून राहिली. हा टाका पाहा. अरोराला दाखवावं लागेल. पाचला जातो."

"एवढ्यासाठी सतरा सेक्टरला? द्या इकडे."

दोऱ्याचं टोक झिजलेलं नव्हतं, कापल्यासारखं स्वच्छ होतं. तेही माझ्या लक्षात आलं. त्यापुढे डोकं चाललं नाही. जाड सुई काढली, मेणाचा दोरा ओवला आणि पाच मिनिटांत टाका घालून दिला.

टेंभेकरांनी बोट फिरवून पाहिलं. "उत्तम झालं," ते म्हणाले. "आता काही करायचं राहिलं नाही." आणि वर गेले.

त्या थंडीत ते पुतण्याकडे नागपूरला कायमचे निघून गेले.

पुढे एकदा आजोबांसाठी हातमोजे घ्यायला मी अरोरांकडे गेले. त्यांनी आधी टेंभेकरांचीच चौकशी केली.

"दो साल हर शनिवार यहीं बैठे, जी. चाय पहले आती थी, पर्स बाद में निकलती थी. उन्हें लेनी थोड़े ही थी!"

"नंतर कधी आले नाहीत?" मी हिंदीत विचारलं.

"आए थे. दो-तीन बार बाहर शीशे के पास खड़े दिखे. मैंने आवाज़ दी, आओ प्रोफेसर साब, चाय पी लो. बोले, नहीं अरोरा जी, आज कुछ लेना नहीं है."

अरोरांनी काउंटरमागून स्टूल ओढलं आणि दुकानातल्या पोऱ्याला न पाठवता स्वतःच बाहेर जाऊन चहा सांगून आले. मी बसले. गिऱ्हाइकं आली, गेली. अरोरा आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगत राहिले, मी ऐकत राहिले. अंधार पडायला लागला तशी उठले.

हातमोजे घ्यायचे राहिले. ते त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि मीही आठवण केली नाही.