जुनिपरची कटिंग

चाळीस वर्षं माणसांची डोकी वळणावर आणणाऱ्या सलूनवाल्यांपुढे एका वीतभर झाडाची काय कथा? निदान त्यांचं स्वतःचं मत तरी तेच होतं. नर्सरीवाल्या मेहुण्याने जुनिपरचं बोन्साय हातात देताना बजावलं होतं, "दाजी, हे डोकं नव्हे, झाड आहे. बेताने छाटा."

"तुमच्या बोन्सायच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढून दाखवतो."

"काढलात तर चारचौघांत स्वतःचे कान पकडीन."

झालं! कुंडी सलूनच्या आरशापुढे येऊन बसली. सलूनवाल्यांनी डावीकडून थोडं कापलं, मान तिरकी करून आरशात पाहिलं, तर उजवी बाजू जड वाटली. ती हलकी केली, तर डावी जड. मग त्यांनी आतली दाटी विरळ केली, तारेने फांद्या वळवून चक्क भांग पाडला. खुर्चीतली माणसं अर्ध्या दाढीने ताटकळत बसायची, पण बोलणार कोण? वस्तरा सलूनवाल्यांच्या हातात होता.

बायको मात्र डबा घेऊन आली की कुंडीकडे बघून म्हणायची, "अहो, मेलं ते झाड."

"त्याने काय घोडं मारलंय तुझं?" सलूनवाले विचारायचे. मेला मिक्सर, मेली खिडकी, मेलं हे सलून, असं उभ्या संसारात ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यात आता झाडाची भर पडली, एवढंच त्यांना वाटलं.

प्रदर्शनात त्यांच्या कुंडीच्या टेबलाभोवती ही गर्दी जमली. सलूनवाल्यांची छाती फुगली, मेहुण्याचा चेहरा उतरला. परीक्षक बाईंनी कुंडीभोवती दोन चकरा मारल्या. "इतकी सफाई मी कुठे पाहिली नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नखाने खोडाची साल खरवडली. आत सगळं कोरडं ठक्क होतं.

"आजोबा, झाड मेलंय. जुनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवंच दिसतं. एक तर पालवी फार काढलीत, शिवाय उन्हात न ठेवता आत कोंडलंत."

सलूनवाले शेजारी उभ्या बायकोवर उखडले. "अगं, मग सांगायचं नाही?"

"महिनाभर दुसरं काय सांगत होते?"

मेहुण्याला आता हसू आवरेना. "काय दाजी, हरलात ना?"

सलूनवाल्यांनी खांद्यावरचा नॅपकिन झटकला आणि मान ताठ केली.

"हरलो कसला? कटिंग एक नंबर झाली. गिऱ्हाईक दगावलं, त्याला मी काय करू?"