मल्लूअण्णांच्या मास्कची ट्रायल

मल्लूअण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दुकानामागं एक खोली, तेच घर. चाळीस वर्षं शर्ट-पँट शिवून त्यांची नजर अशी झालीय की रस्त्यानं जाणारा माणूस ते पाठमोरा ओळखतात. "तो न्हाय का, छाती अडतीस, डावा खांदा उतरता," असं ते म्हणाले की आपण समजायचं, विषय कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा आहे.

गल्लीतले एक गृहस्थ वारले तेव्हा शोकसभेत सगळे त्यांच्या परोपकारी स्वभावाबद्दल बोलले. अण्णा उठले, म्हणाले, "लई सरळ माणूस. तीस वर्सांत कंबर एक इंच वाढू दिली न्हाय," आणि खाली बसले. बाकीची भाषणं कुणाच्या लक्षात नाहीत, हे वाक्य मात्र त्यांच्या घरचे अजून सांगतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या लग्नाचा कोट अण्णांनीच शिवला होता. आता पँटचं माप द्यायला गेलो की ते टेप धरून शांतपणे वाट बघतात. "मास्तर, पोट आत घेऊ नका. मी पँट शिवतोय, फोटू काढत न्हाय."

त्यांचा एक नियम आहे. ट्रायल झाल्याशिवाय कपडा द्यायचा नाही. लग्नाची तारीख तोंडावर आलेली असो की कुणी गावाला निघालेला असो, कच्च्या टाक्यांवर एकदा अंगात घालून दाखवायचं. "ट्रायलशिवाय काय बी खरं न्हाय," हे ते फक्त कपड्याबद्दल म्हणत नाहीत. मुलगा पसंत पडला असं सांगायला आलेल्या एका वधूपित्याला त्यांनी "ट्रायल कदी?" असं विचारलं होतं.

अण्णांची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध होती. घोरणं. आणि ती प्रसिद्धी त्यांना मी मिळवून दिली, हे मला इथं कबूल केलं पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दुपारी भिंतीपलीकडून ते घोरणं ऐकू येत होतं. मी फोन भिंतीला टेकवला, मिनिटभर आवाज टिपला, आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "मिल परत सुरू झाली हो." सोलापूरच्या माणसाला बंद पडलेल्या मिलचा विनोद कळायला वेळ लागत नाही. तीन दिवस लोक मला रस्त्यात थांबवून हसत होते. शाळेत माझ्या विनोदाला कुणी हसत नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

अण्णा त्या ग्रुपवर नव्हते, म्हणून विषय संपला असं मी धरून चाललो.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं. टेबलावर कापड पसरून कापणं चाललं होतं.

"मास्तर, मैंदर्गीत कुणी बाई मिळंल का बगा. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय पुढच्या म्हैन्यात. धा-बारा दिवस थेंब घालाय, रातीचं सोबतीला कुणीतरी पायजे."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, अण्णांना तिनंच वाढवलं. कानडी मुलखाच्या सीमेवरच्या मैंदर्गी गावात एका खोलीच्या घरात ती एकटी राहते. अण्णा दर पंधरा दिवसांनी जातात, पण शेवटच्या एसटीनं परत येतात, एवढं मला माहीत होतं.

"बाई कशाला? तुम्हीच जा की," मी म्हणालो.

"मी तितं मुक्काम करत न्हाय." कात्री चालूच होती. "अक्काची झोप सावध. पाल सरकली तरी जागी हुती. अन् माझं घोरणं तितं लई परसिद्द हाय."

"तिथं कसं?"

"दोन वर्सांमागं पावण्यात बारसं हुतं. कुणीतरी फोनवर माझं घोरणं वाजवलं. पन्नास माणूस हसलं. अक्का बी हसली की. मी आपला बाहीर आलो, एसटी धरली."

ग्रुपवरचं ते फिरत फिरत तिथवर पोचलं होतं. गप्प बसता आलं असतं. दोन वर्षं बसलोच होतो.

"अण्णा, ते मी केलं होतं."

कापड अर्धवट कापलेलं असताना अण्णांची कात्री थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ते बराच वेळ माझ्या खांद्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हाय का अजून ते?"

"काय?"

"माझं घोरणं. लावा. मी धड ऐकलंच न्हाय कदी."

मी लावलं. अण्णांनी डोळे मिटले. दुसऱ्या कुणाच्या दुकानातलं मशीन ऐकावं तसं ते लक्ष देऊन ऐकत होते.

"शिलाई बरी चाललीय," ते म्हणाले. मग आवाज थांबला. फोनमधून काहीच येईना. अण्णांनी बोट वर केलं. "हितं टाका सुटला."

ती शांतता संपेना. मग एकदम, पाण्यातून वर आल्यासारखा, मोठा हुंदक्यासारखा श्वास. पुन्हा घोरणं सुरू.

"परत लावा," अण्णा म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून ते एवढंच म्हणाले, "मास्तर, दोनदा सुटलाय. सुईत दोष हाय."

मी दरवर्षी मुलांना श्वसनसंस्था शिकवतो, रंगीत तक्ता लावून. आणि माणसाचा श्वास थांबतोय ती जागा मला विनोदाची वाटली होती. तिथंच तर लोक सगळ्यात जास्त हसत होते.

"बायको गेली तवापास्नं कोपर मारणारं कुणी न्हाय," अण्णा म्हणाले. "मला तरी काय ठावं." मग कात्री उचलली. "डाक्टराकडं तुमी संगं यायचं. अन् पुढं जे काय हुईल त्याच्या ट्रायलला बी तुमीच बसायचं. शिक्षा समजा."

तपासणी झाली. झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. उपाय म्हणजे एक छोटं मशीन. त्याची नळी मास्कला जोडायची, मास्क तोंडावर बांधून झोपायचं, हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. रात्री तर लावायचंच, दुपारी आडवं झालं तरी लावायचं. घोरणंही थांबतं. हे शेवटचं ऐकल्यावर अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "मंग ती बाई बघू नका, मास्तर."

मशीन गुपचूप चालणारं होतं. खरा प्रश्न मास्कचा निघाला. नव्या पेठेत एका पहिल्या मजल्यावर शबाना मॅडम मास्क बसवून देतात. त्यांनी विचारलं, "काका, कसा पाहिजे?"

"न वाजणारा," अण्णा म्हणाले, आणि खिशातून टेप काढून स्वतःच्या नाकाचं माप घेऊ लागले.

पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा होता. ट्रायल दुकानातच, कापायच्या टेबलावर, दुपारी. अण्णा मास्क बांधून आडवे झाले आणि मला एका ठरावीक जागी स्टूल ठेवून बसवलं. सरळ झोपले तोवर ठीक होतं, कुशीवर वळले की नाकाच्या दांड्याजवळून शिट्टी. अण्णांनी आरशात बघून, हवा निसटत होती तिथं गालावर खडूनं खुणा केल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं. टेबलावर वैमानिकासारखा माणूस, गालांवर खडूच्या रेघा, शेजारी कान टवकारून मास्तर. "उद्या येतो," म्हणून गेलं ते चार दिवस फिरकलं नाही.

दुसरा मास्क फक्त नाकावर बसणारा. तो मिशीवर टेकेना. शबाना मॅडम म्हणाल्या, "मिशी काढली तर बसेल, काका."

"कापड कमी पडलं मंजे अंग कापत न्हाईत, बाई."

मिशी मधोमध थोडी बारीक करण्यावर तडजोड झाली. पण मास्कच्या पुढच्या बाजूनं सारखं सूं सूं चालायचं. ऑपरेशनला आता आठच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी ट्रायलला बसलो, तर आवाज पूर्ण बंद.

"एकदम शांत झालं, अण्णा," मी खूश होऊन म्हणालो.

अण्णांनी झोपल्याझोपल्या हात वर करून मला शाबासकी दिली. थोड्या वेळानं ते धडपडत उठले, मास्क ओढून काढला. चेहऱ्यावर घाम होता. "जीव घुसमटतोय की ह्यात."

मास्क उलटा करून बघितला. पुढं चार बारीक भोकं होती. अण्णांनी त्यांवर आतून बकरमचा गोल तुकडा चिकटवला होता. कॉलर ताठ राहायला घालतात तेच बकरम. त्यांना वाटलं, कारखान्यात फिनिशिंग करायचं राहिलंय.

शबाना मॅडमनी तो मास्क बघितला आणि अण्णांना आईनं लेकराला रागवावं तसं रागावल्या. "काका, ही भोकं मुद्दाम ठेवलीत. सोडलेला श्वास इथून बाहेर जातो. बुजवलीत तर तोच श्वास परत आत घ्याल."

अण्णा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "मंजे बगलंत लूज ठेवतो तसं. न्हाय ठेवलं तर माणसाला हात वर करता येत न्हाय." त्यांना पटलं. मग ते माझ्याकडं वळले. "अन् मास्तर, तुमी शाळंत काय शिकवता?"

मी मास्कवरचं बकरम नखानं खरवडून काढायला लागलो.

तिसरा मास्क म्हणजे नाकपुड्यांना टेकणाऱ्या दोन मऊ गाद्या आणि दोन पट्टे, एवढंच. भोकांच्या जागी चाळणीसारखी बारीक जाळी, त्यामुळं हवा पसरून जायची, वाजायची नाही. मिशीचाही अडथळा नव्हता. झोपेत तोंड उघडू नये म्हणून हनुवटीला एक पट्टा. गालावर वळ उठू नयेत म्हणून अण्णांनी पट्ट्यांना मलमलचे अभ्रे शिवले, या वेळी शबाना मॅडमना फोन करून, विचारून. जाळीसमोर दोरा धरून हवा कुठल्या बाजूला जाते तेही बघून ठेवलं.

ट्रायलला मी स्टूल जरा मागं घेतलं, भिंतीला टेकायला. मिटल्या डोळ्यांनी अण्णा म्हणाले, "हलू नका. पुढं या."

"का?"

"अक्काची खाट एवढ्याच अंतरावर हाय. तुमी अक्काच्या उशाशी बसलाय."

तीन आठवडे मी ज्या जागी बसत होतो, ती जागा त्यांनी टेप लावून ठरवलेली होती. मी पुढं सरकलो, मान वाकवून ऐकलं. रस्त्यावरून रिक्षा गेली ती ऐकू आली. अण्णा ऐकू येत नव्हते. छाती मात्र संथपणे वरखाली होत होती, एकही टाका न सुटता.

त्या रात्री त्यांनी मास्क लावला, आणि सकाळी चहाच्या वेळी आमच्या दारात उभे. "मास्तर, आज सकाळ झाल्यासारखी सकाळ झाली." पाच दिवसांनी ते मशीन घेऊन मैंदर्गीला गेले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. हवा ओलसर ठेवायला मशीनच्या भांड्यात घालायचं डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, तिथं मिळत नव्हतं. रविवारी मी कॅन घेऊन एसटीनं गेलो. अक्कालाही माझा गुन्हा सांगायचा, असं ठरवूनच गेलो होतो.

दुपारचं ऊन. उंबऱ्यात अक्का काळा चष्मा लावून बसली होती. मी दिसताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. मल्लू झोपलाय."

मी चपला हातात घेऊन पायरीवर बसलो. दाराच्या फटीतून अण्णा दिसत होते, जाळीतली हवा तिच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिच्या खाटेकडं पाठ करून, मलमलचे पट्टे बांधून, गाढ.

"मशीनचा त्रास होतो का तुम्हाला?" मी कुजबुजलो.

"कसला तरास. आवाजच न्हाय. मीच उठून बघती, हाय न्हवं म्हणून." तिनं काळा चष्मा नीट केला. "दोन वर्सं माझ्या घरात झोपला न्हाय त्यो. तवा मी बी हसले हुते की. जित्राबासारखं घोरतो म्हणाले हुते, समद्यांत."

"अक्का, ते फोनवरचं…" मी सुरुवात केली.

"सुम्निरू," तिनं कानडीत दटावलं. गप्प रहा.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची गाडी वळली. तिच्यावरचा भोंगा तेच तेच वाक्य ओरडत येत होता. अक्का भिंत धरून उठायला लागली. मी तिला खाली बसवलं आणि धावलो. चपला पायरीवरच राहिल्या होत्या, फरशी तापलेली होती, आणि मी दोन्ही हात वर करून गाडीसमोर उभा राहिलो.

भंगारवाला घाबरला. "काय झालं, सायेब? मयत हाय का कुणाची?"

"नाही," मी म्हणालो, "माणूस झोपलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग उंबऱ्यातल्या अक्काकडं. भोंगा बंद केला आणि गाडी हातानं ढकलत हळूहळू आमच्या समोरून नेली.